फायनलवर ट्रिम आणखी मागे घ्यावा का, आणि गो-अराऊंडमध्ये योक छातीकडे येऊ लागतो तेव्हा आधी काय करावे?

प्रश्न : सर्किट_ते_सोलो, इंदूर

नमस्कार. मी इंदूरला सेस्ना १७२ एस या विमानावर प्रशिक्षण घेत आहे. सध्या सर्किट (विमानतळाभोवतीची फेरी) आणि लँडिंगचा सराव सुरू असून पहिल्या सोलोची (एकटीने उडण्याची) तयारी चालली आहे. ट्रिमविषयी (नियंत्रणावरचा हाताचा भार काढून टाकणाऱ्या लहान चाकाविषयी) दोन प्रशिक्षकांकडून दोन वेगळ्या गोष्टी शिकायला मिळाल्या आहेत आणि दोघेही अनुभवी असल्यामुळे नेमके कोणाचे ऐकावे, हे मला ठरवता येत नाही.

एक प्रशिक्षक सांगतात की, फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली उघडणारे भाग, ३० अंश झाले आणि वेग ६५ नॉटवर स्थिर झाला की त्या वेगाला ट्रिम करावे. त्यानंतर चाके जमिनीला टेकेपर्यंत ट्रिमच्या चाकाला हात लावू नये. दुसऱ्या प्रशिक्षकांची पद्धत अशी की, धावपट्टीचा उंबरठा जवळ आला की ट्रिमचे चाक दोन वेळा मागे ओढावे, म्हणजे फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) योक, म्हणजे हातातले सुकाणू, हलका लागतो आणि नाकाचे चाक आधी टेकत नाही. खरे सांगायचे तर दुसऱ्या पद्धतीने माझी लँडिंग अधिक मऊ होतात. मात्र त्याच पद्धतीने येत असताना गो-अराऊंडचा (उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा) सराव केला, तर पूर्ण थ्रॉटल (इंजिनची शक्ती) देताच योक इतक्या जोराने छातीकडे येतो की, डाव्या हाताने एकटीने तो पुढे धरून ठेवणे जड जाते, कारण उजवा हात थ्रॉटल आणि फ्लॅपमध्ये गुंतलेला असतो.

माझे प्रश्न असे आहेत. फ्लेअरसाठी नाक वर करणारा जादा ट्रिम घेणे योग्य आहे का? गो-अराऊंडच्या क्रमात ट्रिमचे स्थान कोठे आहे : थ्रॉटलबरोबर, फ्लॅपच्या आधी की नंतर? मे महिन्यातल्या उन्हात या सगळ्यात काही फरक पडतो का? आणि टच-अँड-गो (चाके टेकवून न थांबता पुन्हा उड्डाण) करताना जमिनीवर धावत असताना ट्रिम कधी बदलावा?

उत्तर : लोकमान्यनगर

मी बरीच वर्षे हलक्या विमानांवर प्रशिक्षक म्हणून काम केले आहे. तुमचा दुसरा आणि पहिला प्रश्न प्रत्यक्षात एकच आहे, म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्र देतो.

ट्रिम हा विमान उडवण्याचा नव्हे, तर हातावरचा भार काढून टाकण्याचा नियंत्रक आहे, हे आपण सगळे पहिल्याच आठवड्यात ऐकतो. पण त्याचा पुढचा अर्थ क्वचितच कोणी समजावून सांगते. तुम्ही ६५ नॉटला ट्रिम करता तेव्हा तुम्ही विमानाला एक विशिष्ट वेग, अधिक नेमके बोलायचे तर पंखाचा एक विशिष्ट आपातकोन (समोरच्या हवेशी होणारा कोन), नेमून देता. योक सोडला तर विमान स्वतःहून त्याच वेगाकडे परत येण्याचा प्रयत्न करते. पण हे नेमून देणे त्या क्षणीच्या इंजिनशक्तीपुरते आणि त्या क्षणीच्या फ्लॅपपुरतेच खरे असते. फायनलवर इंजिन जवळजवळ निष्क्रिय असते, शेपटीवरून वाहणारी हवा केवळ विमानाच्या वेगाची असते आणि त्या मंद हवेत नाक वर धरण्यासाठी ट्रिम बराच मागे घ्यावा लागतो. आता त्याच स्थितीत थ्रॉटल पूर्ण उघडला की, पंख्याचा झोत आडव्या शेपटीवर आदळतो, तिचा खाली दाबणारा जोर एकदम वाढतो आणि जो ट्रिम मघाशी ६५ नॉटसाठी बरोबर होता तोच ट्रिम आता विमानाला त्याहून कितीतरी कमी वेगाकडे, म्हणजे स्टॉलच्या (पंखाची उचल तुटण्याच्या) दिशेने, ओढू लागतो. त्यात पूर्ण उघडलेल्या फ्लॅपमुळे पंखामागचा प्रवाह खाली वळलेला असतो आणि उंच पंखाच्या सेस्नामध्ये त्याचा परिणामही नाक वर जाण्याकडेच होतो. तुमच्या हाताला जाणवणारा जोर हा असा सगळा मिळून आहे. तुमच्या दंडात बळ कमी आहे असे समजू नका.

म्हणून उंबरठ्यापाशी दोन वेळा मागे ओढून घेतलेला तो जादा ट्रिम मला पसंत नाही. लँडिंग झाले तर त्याचा फायदा चार-पाच सेकंदांचा. गो-अराऊंड करावे लागले तर त्याचा तोटा नेमका अशा वेळी वसूल होतो, जेव्हा विमान सर्वांत खाली, सर्वांत हळू आणि वैमानिक सर्वांत गोंधळलेला असतो. आणि इंदूरला गो-अराऊंड हा केवळ सरावाचा विषय नाही. आपल्याकडे धावपट्टी एकच, ०७/२५, आणि तिच्यावर विमान कंपन्यांची जेट विमाने व प्रशिक्षणार्थींची छोटी विमाने एकाच रांगेत उतरतात. पुढचे विमान वेळेत बाहेर पडले नाही, तर टॉवर तुम्हाला दोनशे फुटांवरही गो-अराऊंड सांगू शकतो. सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव विमानतळापासून फार लांब नाहीत. हिवाळ्यात तिथे येणारे पक्षी पाहायला सुंदर असले, तरी फायनलवर ते समोर दिसले की निर्णय क्षणात घ्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक फायनल हा गो-अराऊंडमध्ये बदलू शकतो असे धरूनच ट्रिम ठेवावा.

दुसऱ्या प्रशिक्षकांच्या पद्धतीमागे काहीच कारण नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १७२ मध्ये पुढच्या दोन आसनांवर दोघे बसलेले, मागे कोणी नाही आणि सामानही नाही, अशा वेळी गुरुत्वमध्य बराच पुढे असतो आणि फ्लेअरमध्ये योक खरोखरच जड लागतो. सुरुवातीचे विद्यार्थी तो पुरेसा मागे आणत नाहीत आणि नाकाचे चाक आधी टेकवतात. त्यावर ट्रिम हा झटपट दिसणारा उपाय आहे. पण मी तो उपाय हातात शोधतो. फायनलवर विमान ६५ ला नीट ट्रिम असेल तर फ्लेअरमध्ये लागणारा जोर एका हाताने सहज देता येतो. अट एवढीच की मुठीने न धरता तो हळूहळू, सलग वाढवत न्यावा. बहुतेक वेळा ज्या विद्यार्थ्याला योक जड लागतो त्याचे विमान मुळात ६५ ला ट्रिम झालेलेच नसते : तो ७५ ला ट्रिम करून, योक मागे ओढत दाब देऊन ६५ धरत असतो आणि त्या दाबावर फ्लेअरचा दाब चढतो. पुढच्या वेळी फायनलवर दोन बोटे सैल करून पाहा. वेगाचा काटा सरकला तर ट्रिम अपुरा आहे.

आता गो-अराऊंडचा क्रम. थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत, सलग, पूर्ण पुढे. आणि ज्या क्षणी उजवा हात पुढे जाऊ लागतो त्याच क्षणी डावा हात योक पुढे ढकलू लागतो आणि उजवा पाय रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या नियंत्रकावर) दाब वाढवतो. हे तिन्ही एकाच हालचालीचे भाग आहेत. योक मागे येतो आहे हे जाणवल्यावर ढकलणे म्हणजे उशीर झाला. नाक एकदम चढणीच्या स्थितीत न्यायचे नाही. आधी क्षितिजाशी समपातळीवर, उतरणे थांबेल इतकेच. मग फ्लॅप ३० वरून २० अंश. १७२ एस च्या पुस्तिकेप्रमाणे या टप्प्यावर चढणीचा वेग ६० नॉट, अडथळे मागे पडेपर्यंत फ्लॅप १० अंश, आणि सुरक्षित उंची व ६५ नॉट मिळाल्यावर उरलेले फ्लॅप हळूहळू वर. ट्रिम या क्रमात फ्लॅप २० वर गेल्यावर येतो : उजवा हात फ्लॅपच्या दांडीवरून खाली चाकावर आणून ते भराभर पुढे फिरवायचे, डाव्या हाताचा बहुतेक भार उतरेपर्यंत. हा कच्चा ट्रिम. तो अचूक करण्याच्या नादात चाकाकडे पाहू नका; नजर बाहेर आणि वेगाच्या काट्यावर. फ्लॅप पूर्ण वर जाऊन ७४ नॉटवर चढण स्थिर झाली की मग नीट ट्रिम करा.

ट्रिम थ्रॉटलच्याही आधी का नको, असे काही विद्यार्थी विचारतात. कारण साधे आहे. त्या वेळी विमान खाली चालले आहे. त्याला पहिल्यांदा शक्ती हवी. आणि इंजिन निष्क्रिय असताना ट्रिम पुढे फिरवला तर तुमचा हात त्या क्षणापुरता चुकीच्या दिशेने झुंजेल.

एक सुचवतो. तुमच्या प्रशिक्षकांना सांगून प्रशिक्षण क्षेत्रात, जमिनीपासून किमान तीन हजार फूट उंचीवर, 'एलिव्हेटर ट्रिम स्टॉल' दाखवायला सांगा. अमेरिकी प्रशिक्षणात हा ओळखीचा सराव आहे. फ्लॅप पूर्ण, इंजिन निष्क्रिय, फायनलच्या वेगाला ट्रिम. मग पूर्ण थ्रॉटल आणि योक मुद्दाम सैल. नाक किती लवकर वर जाते, त्याबरोबर ते डावीकडे कसे वळते आणि स्टॉलची शिट्टी किती आधी वाजते, हे एकदा पाहिले की या विषयावर मी लिहिलेल्या निम्म्या ओळी वाचण्याची गरज उरत नाही. हा सराव प्रशिक्षकाशिवाय करायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर : खालचा_पंख

वरील सरांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण 'ट्रिमला हात लावूच नका' हा नियम सर्व विमानांवर सरसकट लावू नये, असे मला वाटते. मी खालच्या पंखाच्या पायपर चेरोकी जातीच्या विमानावर शिकलो. तिथे ट्रिमचे चाक दोन आसनांच्या मध्ये जमिनीजवळ असते, फ्लॅपचा लिव्हर हाताने ओढण्याचा, तोही मध्येच. आणि आडवी शेपटी एकसंध फिरणारी असल्यामुळे योकचा स्पर्शही निराळा लागतो. तिथे गो-अराऊंडमध्ये फ्लॅपचा लिव्हर एका झटक्यात पूर्ण खाली सोडण्याचा मोह मोठा असतो, आणि विजेची मोटर नसल्यामुळे फ्लॅप क्षणात मिटतात आणि विमान खाली बसते. म्हणजे तिथला पहिला धोका फ्लॅपचा आणि दुसरा ट्रिमचा.

दुसरे असे की, लहान चणीच्या व्यक्तीला किंवा मनगटाला दुखापत असलेल्याला फ्लेअरमध्ये ट्रिमची थोडी मदत घ्यावीशी वाटली, तर त्यात एवढे काय बिघडले? अनेक अनुभवी वैमानिक हे सर्रास करतात आणि त्यांची लँडिंग उत्तम असतात. माझ्या मते प्रश्न ट्रिमचा नसून तो ट्रिम घेतलेला आहे हे लक्षात ठेवण्याचा आहे. जो वैमानिक मनाशी 'मी जादा ट्रिम घेतला आहे, गो-अराऊंडमध्ये जास्त ढकलावे लागेल' असे म्हणून ठेवतो, त्याला अडचण येत नाही.

उन्हाळ्याविषयी : मे महिन्यात दुपारी फायनलवर येताना मालव्यातल्या काळ्या मातीच्या उघड्या शेतांवरून जे गरम हवेचे झोत उठतात त्यात विमान सतत वरखाली होते. त्या प्रत्येक हेलकाव्यामागे ट्रिमचे चाक फिरवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. शेवटी ट्रिम कुठल्या वेगाला आहे याचा पत्ताच राहत नाही. हेलकावे हाताने झेलावेत आणि ट्रिम सरासरीला ठेवावा.

उत्तर : हँगर_क्रमांक_दोन

मी वैमानिक नसून विमानांच्या देखभालीत आहे, त्यामुळे उड्डाणाच्या तंत्राविषयी मतप्रदर्शन करत नाही. पण 'ढकलायला किती जोर लागू शकतो' या प्रश्नाला प्रमाणनाच्या (विमानाच्या रचनेला मान्यता देण्याच्या) नियमांत आकडा आहे आणि तो या चर्चेत उपयोगी पडेल.

हलक्या विमानांसाठी अमेरिकेचे जे 'भाग २३' हे नियम आहेत त्यांच्या २०१७ पूर्वीच्या आवृत्तीत योकवर लागणाऱ्या जोराच्या मर्यादा दिलेल्या होत्या. नाक वरखाली करण्यासाठी, थोड्या वेळापुरता, चाकासारख्या योकवर दोन्ही हातांनी ७५ पौंड आणि एका हाताने ५० पौंड, म्हणजे अनुक्रमे सुमारे ३४ आणि २३ किलो. दीर्घकाळ धरण्यासाठी मात्र केवळ १० पौंड, म्हणजे साडेचार किलो. फ्लॅप उघडणे, मिटणे, शक्ती एकदम वाढवणे अशा बदलांच्या वेळी ट्रिमला हात न लावता एका हाताने विमान सांभाळता आले पाहिजे, अशीही अट होती. या मर्यादा आहेत. १७२ मध्ये प्रत्यक्षात एवढा जोर लागतो असा त्यांचा अर्थ नाही. पण या दोन आकड्यांतले अंतर पाहा. नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे की, वैमानिक काही क्षण मोठा जोर देईल आणि मग लगेच ट्रिमने तो काढून टाकेल. 'आधी हात, मग ट्रिम' हा जो क्रम सरांनी सांगितला तोच या आकड्यांमागे आहे.

आता खालचा_पंख यांच्या मुद्द्याविषयी, केवळ यंत्रणेच्या बाजूने. एका हाताने विमान सांभाळण्याच्या त्या अटीची चाचणी विमान त्या वेगाला नियमाप्रमाणे ट्रिम केलेले आहे असे धरून घेतली जाते. त्याच्यापुढे आणखी मागे घेतलेला ट्रिम हा त्या चाचणीच्या बाहेरचा प्रदेश आहे. तिथे किती जोर लागेल हे कोणी तुम्हाला कागदावर दिलेले नाही.

१७२ च्या बाबतीत एक गोष्ट विद्यार्थ्यांना क्वचित माहीत असते. जुन्या १७२ एन मध्ये फ्लॅप ४० अंशांपर्यंत जात. १९८१ च्या १७२ पी पासून ते ३० अंशांवर थांबवण्यात आले आणि त्याबरोबर विमानाचे कमाल वजन २३०० वरून २४०० पौंडांवर नेता आले. ४० अंशांवर गो-अराऊंड करताना हवेची ओढ इतकी असे की चढण अगदीच तोकडी पडे. जुने विमान कोणाच्या वाट्याला आले तर हा फरक ध्यानात ठेवावा.

ट्रिमच्या चुकीच्या जागेमुळे गो-अराऊंडमध्ये काय होऊ शकते, याचे मोठ्या विमानांतले सर्वांत ठळक उदाहरण २६ एप्रिल १९९४ चे आहे. जपानमधील नागोया येथे चायना एअरलाइन्सचे एअरबस ए३०० विमान उतरत असताना सहवैमानिकाच्या हातून चुकून गो-अराऊंडची कळ दाबली गेली. वैमानिक योक पुढे ढकलून उतरण्याचा प्रयत्न करत राहिले आणि ऑटोपायलट त्याच्या उलट आडवी शेपटी नाक वर करण्याच्या दिशेने ट्रिम करत गेला. शेवटी नाक ताठ वर जाऊन विमान स्टॉल झाले आणि २६४ जण मृत्युमुखी पडले. आपल्या १७२ मध्ये पूर्ण शेपटी हलत नाही. उजव्या एलिव्हेटरच्या (आडव्या शेपटीच्या हलत्या भागाच्या) मागच्या कडेला असलेली एक छोटी पट्टी तेवढी हलते, त्यामुळे हाताने तिच्यावर मात करता येते. मात्र ज्या १७२ मध्ये ऑटोपायलट आहे तिथे तो बंद झाला आहे याची खात्री न करता योकशी झटापट करू नये. तो ट्रिम उलट्या दिशेने फिरवत राहू शकतो.

सर्किट_ते_सोलो

सर्वांचे आभार. सर, आज तुम्ही सांगितल्याप्रमाणे फायनलवर बोटे सैल करून पाहिली. वेग हळूहळू वाढू लागला, म्हणजे ट्रिम खरोखरच ६५ ला नव्हता. प्रशिक्षकांनी पुढच्या उड्डाणात ट्रिम स्टॉल दाखवण्याचे मान्य केले आहे.

दोन गोष्टी राहिल्या. सोलोमध्ये शेजारचे आसन रिकामे असेल. मग हे सगळे बदलेल का? आणि टच-अँड-गोचे उत्तर कोणी दिलेले नाही.

उत्तर : लोकमान्यनगर

सोलोमध्ये विमान हलके होते, त्यामुळे ते फ्लेअरमध्ये अधिक तरंगते आणि गो-अराऊंडमध्ये अधिक जोमाने वर जाते. गुरुत्वमध्य १७२ मध्ये किंचितच सरकतो. जाणवेल ते एवढेच की, पूर्ण थ्रॉटल दिल्यावर नाक अपेक्षेपेक्षा लवकर उचलले जाईल. ढकलण्याची हालचाल तीच, फक्त तिला उशीर चालणार नाही. बऱ्याच जणांना पहिल्या सोलोत विमान 'पळाल्यासारखे' वाटते ते यामुळेच. घाबरून नाक खाली दाबू नका, ठरलेली स्थिती धरा.

उन्हाविषयी थोडे जोडतो. इंदूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर असताना हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या दृष्टीने आपण पाच हजार फुटांच्याही वर असतो. ट्रिमला याने फारसा फरक पडत नाही, कारण ट्रिमला फक्त दाखवलेला वेग कळतो : ६५ म्हणजे ६५, मग हवा कशीही असो, जरी प्रत्यक्षात तुम्ही सत्तरच्या आसपास नॉटने पुढे जात असाल. फरक पडतो तो इंजिनला. शक्ती कमी म्हणून नाक वर उचलणारा धक्का थोडा कमी, पण चढणही कमी. आणि ३० अंश फ्लॅपवर तर चढण नाममात्रच. अशा वेळी विमान वर जात नाही म्हणून योक मागे ओढण्याची इच्छा होते आणि मागे घेतलेला ट्रिम त्या इच्छेला साथ देतो. हे दोन्ही एका दिशेने ओढतात, ही उन्हाळ्यातली खरी अडचण. शक्य असेल तर सोलोच्या फेऱ्या सकाळी लवकर मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

टच-अँड-गोबाबत माझे मत थोडे कडक आहे. चाके टेकल्यावर विमान सरळ धावू लागले की आधी फ्लॅप वर, मग ट्रिम उड्डाणाच्या खुणेवर, ती खूण डोळ्यांनी पाहून, आणि त्यानंतरच थ्रॉटल. बरेच विद्यार्थी थ्रॉटल आधी देतात आणि फायनलचा ट्रिम तसाच घेऊन धावू लागतात. मग विमान वेग पुरेसा नसतानाच जमीन सोडते आणि नाक वर चढत जाते. हा गो-अराऊंडचाच प्रसंग, फक्त धावपट्टीपासून चार फुटांवर. आपली धावपट्टी पावणेतीन किलोमीटरची असल्यामुळे १७२ ला एवढे सगळे शांतपणे करायला पुरेशी जागा आहे, घाई करण्याचे काहीच कारण नाही. तरीही सोलोच्या आधीच्या विद्यार्थ्यांना मी शक्यतो पूर्ण थांबून, टॅक्सी करून पुन्हा येण्याचीच सवय लावत असे. टॉवरला गर्दीच्या वेळी ते आवडत नाही, हे खरे.

उत्तर : खालचा_पंख

सरांचा उन्हाळ्याचा मुद्दा वाचून माझे आधीचे म्हणणे थोडे बदलतो. 'जादा ट्रिम घेतला आहे हे लक्षात ठेवा' असे मी म्हटले खरे. पण दुपारच्या उन्हात, टॉवरचा आवाज कानात असताना आणि चढण मिळत नसताना ते कोणाच्या लक्षात राहील, याची खात्री देता येत नाही. विद्यार्थ्यांनी पहिली पद्धतच धरावी. परवाना हाती आल्यावर, ओळखीच्या विमानावर, ज्याला त्याला आपापला निर्णय घेता येईल. हाताला दुखापत असलेल्यांच्या बाबतीत मात्र माझे मत तेच आहे; ज्याला योक मागे आणता येत नाही त्याने नाकाचे चाक आपटण्यापेक्षा ट्रिम घेतलेला बरा, फक्त त्याने शेजारी प्रशिक्षक असतानाच उडावे.

उत्तर : हँगर_क्रमांक_दोन

सोलोला जाण्यापूर्वीच्या तपासणीत एक गोष्ट आवर्जून करा. कॉकपिटमध्ये ट्रिमची खूण उड्डाणाच्या जागी आणा, मग खाली उतरून शेपटीकडे जा आणि उजव्या एलिव्हेटरवरची पट्टी हाताने एलिव्हेटर सरळ धरून पाहा. ती एलिव्हेटरच्या रेषेत, साधारण समपातळीवर असली पाहिजे. खूण एक सांगते आणि पट्टी दुसरेच दाखवते असे आढळले, किंवा पट्टी बोटाने हलवल्यावर सैल वाटली, तर ते विमान घेऊ नका आणि तक्रार विमानाच्या नोंदवहीत लिहा. तोंडी सांगितलेली तक्रार पाळी बदलली की हरवते. चाक पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे एकदा फिरवूनही पाहा : ते सर्वत्र सारखेच जड लागले पाहिजे, आणि चाक मागे फिरवल्यावर पट्टी खाली गेली पाहिजे. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा बाहेर आलेल्या विमानात ही शेवटची खात्री विशेषतः करावी, कारण केबल उलट जोडली गेली असेल तर ते कॉकपिटमध्ये बसून कळत नाही.